सोबत्याचा नंबर

नरेश,

तुझ्याबद्दल चांगलं बोलायचं काम बाकीच्यांनी उरकलं आहे. ऑफिसात शोकसभा झाली. तुझा तो दाढी वाढलेला फोटो मोठा करून आणला होता. साहेब बोलले, नवी मुलं बोलली, खालच्या कारखान्यात लेथ मशीन चालवणारे दत्ताकाका हात पुसत वर आले आणि तेही बोलले. ‘देवमाणूस’ हा शब्द पाच वेळा आला. माझी पाळी आली तेव्हा मी घशाकडे बोट दाखवून बसून राहिले. घसा ठणठणीत होता. तोंड उघडलं असतं तर तुझ्या सुवर्णासमोर मी तुला शिव्याच घातल्या असत्या, आणि ते त्या खोलीत कोणालाच झेपलं नसतं. म्हणून इथे लिहितेय. इथे मला मधेच तोडायला तू नाहीस. अशी सोय बारा वर्षांत मला एकदाही मिळाली नव्हती.

माणूस गेला की त्याचं सगळं गोड करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते जमणार नाही. तू मला फसवलंस, नरेश, आणि वर्षानुवर्षं फसवलंस. रोज माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून, माझ्याच डब्यातलं लिंबाचं लोणचं खात खात फसवलंस.

बारा वर्षं आपण ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या लोखंडी जिन्याच्या इमारतीत शेजारी शेजारी बसलो. तू बाळकुमचा. तुमची भातशेती होती तिथे आता टॉवर उभे आहेत आणि त्यातल्याच एकाच्या चौथ्या मजल्यावर तुझं घर. मी ठाकुर्लीची. तुझ्या डब्यात सुकट, माझ्या डब्यात फरसबी. तू डबा उघडलास की मी खिडकी उघडायचे आणि तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचास, “काय गो मंजिरी, वास घेऊनच पोट भरतं काय तुझं?” मी चिडायचे. तुला तेच हवं असायचं. आपली भांडणं ऐकायला नवी मुलं चहा घेऊन खुर्च्या सरकवून बसायची, हे तुलाही माहीत होतं.

त्यातलं एक भांडण मात्र गमतीचं नव्हतं. तुला ते सांगायची गरज नाही, पण हे दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगते.

आपण एका डायलिसिस केंद्रासाठी नोंदणीचा फॉर्म बनवला. रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी तो मोबाईलवर भरायचा, मग केंद्र त्यांना आठवड्यातले वार आणि वेळ देतं. फॉर्ममध्ये भरलेलं बरोबर आहे का हे तपासायचे साधे नियम, आपण ज्या सांगाड्यावर सॉफ्टवेअर बांधतो त्या फ्रेमवर्कमध्ये तयार मिळतात. रकाना रिकामा नको, मोबाईल नंबर दहा आकडी हवा, जन्मतारीख उद्याची नको. तयार नियमांत जे बसत नाही ते आपण लिहायचं आणि त्याला जोडायचं. हे जोडकाम ऑफिसात तुझ्याकडे होतं. तू लिहिलेला तो एक क्लास, म्हणजे प्रोग्रामचा तो तुकडा, सगळ्या फॉर्मच्या मुळाशी बसलेला, आणि त्याला हात लावायचा तर तुझी परवानगी लागायची.

सहा वर्षांपूर्वी तुझी आई गेली. पंधरा दिवसांनी तू कामावर आलास आणि पहिल्याच दिवशी, कोणी मागितलेला नसताना, त्या फॉर्मला एक नियम लावलास. सोबत येणाऱ्या माणसाचा मोबाईल नंबर रुग्णाच्या नंबरापेक्षा वेगळा हवा. दोन रकाने एकमेकांशी ताडून बघायचे, सारखे निघाले तर फॉर्म अडवायचा. अडवल्यावर जो संदेश यायचा तोही तूच लिहिलास: ‘स्वतःचाच नंबर परत टाकू नका. सोबत कोण येणार त्याचा टाका.’ मी म्हटलं, निदान सुरुवातीला कृपया लाव. आजारी माणसं आहेत ती. तू म्हणालास, “कृपया लावल्यावर कोन वाचतं?”

नियम बरोबर होता, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. डायलिसिस झाल्यावर माणसाचा रक्तदाब उतरतो, चक्कर येते. कोणीतरी येऊन सही केल्याशिवाय केंद्र अशा माणसाला सोडत नाही. सोबत्याचा म्हणून लिहिलेला नंबर रुग्णाच्याच खिशात वाजला तर त्याचा उपयोग काय? पण ज्याला सोबतीच नाही त्याने काय करायचं? एका घरात एकच फोन असला तर? म्हातारं माणूस एकटं राहत असलं तर? केंद्रातली रिसेप्शनवरची मुलगी मला सांगायची की काही लोक तिथे बसून चार-चार वेळा फॉर्म भरतात आणि उठून निघून जातात.

म्हणून मी चार दिवस खपून तुझ्या क्लासच्या पुढे एक भाग लिहिला. फ्रेमवर्कला दोनच उत्तरं कळतात, बरोबर आणि चूक. मी तिसरं घातलं: घ्या, पण माणसाने बघावं. फॉर्म पुढे जाईल, केंद्रातल्या यादीत त्याच्यासमोर पिवळी खूण येईल, आणि कोणीतरी फोन करून विचारेल की बाबा रे, तुझ्यासोबत कोण आहे. मला ते काम फार आवडलं होतं. तुला दाखवायची घाईच झाली होती मला.

तू ते सगळ्यांसमोर मोठ्या स्क्रीनवर लावलंस, वरून खालपर्यंत वाचलंस आणि म्हणालास, “फॉर्मला दया-माया शिकवायला बसलीस काय गो?”

“एकट्या माणसाने काय करायचं, ते सांग.”

“एकटा कोन नसतो. शेजारी असतो.”

“आणि नसला तर?”

“असतो. होय नायतर नाय, मंजिरी. मधी काय नसतं.”

आणि माझं चार दिवसांचं काम तू नामंजूर करून टाकलंस. कारण लिहायच्या जागी एक टिंब टाकलंस. आपल्या नव्या मुलांतला संदेश तेव्हा नुकताच लागला होता, तो माझ्याकडे बघत होता आणि मी माझ्या बाटलीचं झाकण लावत बसले होते. ते टिंब मी तुला अजून माफ केलेलं नाही. तू गेलास म्हणून करणारही नाही.

त्यानंतर तुझं गायब होणं सुरू झालं. निदान मला ते तेव्हापासून दिसायला लागलं. दुपारी दोन-अडीचला फोन यायचा, तू जिन्यात जाऊन बोलायचास आणि मग, “दाढ ठणकतेय, जरा जाऊन येतो.” कधी गाडीचं काम, कधी सोसायटीची मीटिंग. दीड-दोन तासांनी यायचास, घामाघूम, आणि काही न बोलता कामाला लागायचास. तुझ्या तोंडात दाढा तरी किती आहेत, असं मी एकदा विचारलंही होतं. तू हसलास. तुझी अडलेली कामं माझ्यावर यायची. एकदा एका मोठ्या ग्राहकासमोर मी एकटी तोंडघशी पडले आणि त्या संध्याकाळी मी साहेबांना मेल लिहिला. नरेश कामाच्या वेळात बाहेर असतो, सांगून जात नाही, त्याचा भार इतरांवर पडतो, असं सगळं स्वच्छ लिहिलं. साहेबांनी तो मेल दुसऱ्या दिवशी तुला दाखवला. तू माझ्या टेबलापाशी आलास. मी भांडायच्या तयारीत होते. तू म्हणालास, “बरोबर लिहिलंयस. शुद्ध आहे एकदम.” आणि जागेवर जाऊन बसलास. पुढचं वर्षभर तुला प्रत्येक वेळी रजिस्टरमध्ये सही करून जावं लागलं, आणि तू केलीस. कारण: दाढ.

तेव्हा एक वाक्य बोलला असतास तर? एकच, नरेश.

पण तुझी सवयच ती. माझ्या मुलीच्या वेळी मी सात महिने रजेवर होते. परत आले तर माझ्या नावावरची सगळी कामं संपलेली, वेळच्या वेळी, माझ्या पद्धतीने, अगदी मी लिहिते तशा टिपांसकट. मी साहेबांचे आभार मानले. साहेब म्हणाले, मला वाटलं तुम्ही घरून करताय. तू समोर बसून सुकट खात होतास. मला कळायला दोन वर्षं लागली आणि तेही दुसऱ्याच कोणाकडून. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे आणि त्याचाच मला राग आहे. उपकार करायचा आणि समोरच्याला साधं ‘थँक्यू’ म्हणायची संधी द्यायची नाही, हा कसला माज?

मंगळवारी सकाळी तू उठला नाहीस. शुक्रवारी दुपारी केंद्रातून सिस्टरचा ऑफिसात फोन आला. तू गेल्याचं तिला माहीत नव्हतं.

“नरेश सरांचा फोन बंद येतोय. फिलोमिना आजींना चक्कर आली होती. आता बऱ्या आहेत, पण न्यायला कोणी नाही. अकरापासून बसल्यात.”

मी म्हटलं, “नरेशचा नंबर तुम्ही चुकून लावताय. तो फॉर्म बनवणारा. त्यांच्या घरच्यांचा लावा.”

“अहो मॅडम, सोबत्याच्या रकान्यात त्यांचाच नंबर आहे. नातं, मुलगा.”

मी तिला सांगितलं की नरेश आता नाही. मग तिने विचारलं, “मग बाकीच्यांचं कसं होणार?”

“बाकीचे कोण?”

चौदा निघाले. मी यादी काढून बघितली. चौदा रुग्ण, सोबत्याचा नंबर एकच, तुझा. नात्याच्या रकान्यात चौदाही ठिकाणी ‘मुलगा’. एक मुसलमान आजोबा, दोन केरळी बहिणी, तुझ्याच वयाचा एक रिक्षावाला, सगळ्यांचा तू मुलगा. तुझा मेलबॉक्स आवरायचं काम माझ्याकडे आलं होतं. तो उघडला तेव्हा उरलेलं कळलं. तुझ्या त्या कडक नियमाच्या खाली तू आणखी दोन ओळी लिहून ठेवल्या होत्यास. कोणाचा फॉर्म तीनदा अडला की तुला मेल यायचा. त्या ओळी मी शंभर वेळा पाहिल्या होत्या आणि मला वाटायचं, तुझं काहीतरी तपासायचं राहिलं असेल. तू त्या माणसांना फोन करायचास, खरंच कोणी नाही ना याची खात्री करायचास आणि आपला नंबर टाकून द्यायचास. मग दुपारी कोणाला चक्कर आली की तुझी दाढ ठणकायची.

एकटा कोण नसतो म्हणाला होतास ना? सगळ्यांसमोर? तेव्हा तुझ्या नावावर पाच जण होते. मी नोंदींचे दिवस ताडून पाहिले.

मला तेव्हा रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला इतका संताप आला की मी लॅपटॉप आपटून बंद केला. कारण तू एकटा मेला नव्हतास. चौदा माणसांचं बोलावलं तर येणारं माणूस एका झटक्यात गेलं होतं आणि त्यांच्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. तुझा फोन सुवर्णाने बंद करून कपाटात ठेवला होता. “अनोळखी नंबरांवरून सारखा वाजत होता गं,” ती म्हणाली. “मला वाटलं, बँकेवाले असतील.” तिलाही तू सांगितलं नव्हतंस. तिला ‘क्लायंटकडे चाललोय’ आणि मला ‘दाढ’. तू आखलेला चांगुलपणा तुझ्या एका मोबाईलवर चालत होता, आणि तू, जो आम्हाला शिकवायचास की कोणतीही गोष्ट एकाच मशीनवर ठेवू नका!

त्या शुक्रवारी मी रिक्षा करून केंद्रात गेले. फिलोमिना आजी बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाळकुमच्याच, तुझ्या टॉवरच्या मागच्या जुन्या वस्तीतल्या, निळ्या फुलांचा झगा घातलेल्या. नवरा गेलेला, मुलगा परदेशात आणि त्याचा पत्ता नाही. “नरेश नाय आला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो गावाला गेलाय. तुझ्यामुळे मी त्या बाईशी खोटं बोलले. मी सही केली, नात्याच्या जागी काय लिहावं ते सुचेना म्हणून रेघ मारली, आणि त्यांना घरी सोडलं.

पुढच्या आठवड्यात मी तुझ्यावर तुटून पडायच्या तयारीने सगळं खणायला बसले. तो नियम तू नेमका का लिहिलास ते मला शोधायचं होतं. जुन्या नोंदी उघडल्या. फॉर्म नवा होता तेव्हाच्या अगदी पहिल्या नोंदींमध्ये एक नाव दिसलं. तुझ्या आईचं. फॉर्म भरणाऱ्याच्या जागी तुझं लॉगिन. रुग्णाचा मोबाईल आणि सोबत्याचा मोबाईल, दोन्ही रकान्यांत एकच नंबर. आईचा. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, तुला घाई असेल, ऑफिसात सारखे फोन नको असतील, तू तोच नंबर परत टाकलास. आपल्यासारखे लोकच असं करतात. आपण फॉर्म बनवतो, म्हणून आपल्याला वाटतं की आपल्याला तो नीट भरायची गरज नाही.

सुवर्णाला विचारलं. ती म्हणाली, “ठाऊक आहे मला. तिकडून फोन करत होते आणि तो आईंच्याच पिशवीत वाजत होता. ह्यांना कळवलं तोवर उशीर झालेला. तेव्हापासून हे आंघोळीला जातानासुद्धा फोन दाराबाहेर मोठ्या आवाजात ठेवून जायचे.”

नरेश, त्या दिवशी मला तुझ्या खांद्यावर हात ठेवायला आवडलं असतं. खरंच सांगते. पण ती संधी तू सहा वर्षं अडवून धरलीस, आणि त्याच सहा वर्षांत मी तुला कामचुकार म्हणून मेल लिहिला. मी वाईट ठरले ती तुझ्या गप्प बसण्यामुळे.

अजून एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मला जड जातेय. मी माझा तो जुना, तुझ्या टिंबाने मारलेला भाग पुन्हा काढला आणि केंद्राच्या प्रमुख बाईंकडे घेऊन गेले. म्हटलं, आता ज्यांना सोबती नाही त्यांचा फॉर्मसुद्धा आम्ही घेऊ, तुमच्या यादीत पिवळी खूण येईल. त्यांनी चष्मा काढला. “खूण आली तर मला त्यांना नाही म्हणावं लागेल. सोबती नसलेला रुग्ण आम्ही घेऊ शकत नाही. वाटेत काही झालं तर जबाबदार कोण? नरेशनी फार पूर्वी विचारलं होतं मला हे. मी हेच सांगितलं होतं.”

म्हणजे माझं तिसरं उत्तर तू तेव्हा मंजूर केलं असतंस तर ते चौदाच्या चौदा जण पिवळी खूण लागून बाहेर गेले असते. मी ज्याला दया म्हणत होते त्याने त्यांचंच नुकसान झालं असतं. तू ते पहिल्या मिनिटात ओळखलंस आणि टिंब टाकलंस. टिंब! दोन ओळी लिहिल्या असत्यास तर मी समजले असते, नरेश. मी मूर्ख नाही. मी म्हटलं असतं, बरं, पाचाचे चौदा झाले तरी सात तू घे, सात मला दे. ठाकुर्लीहून रोज येतेच आहे मी, तासभर मागेपुढे झालं तर काय बिघडणार होतं? तुझ्या छातीवरचं निम्मं ओझं उतरलं असतं. डॉक्टरांनी तुला काय सांगितलं होतं आणि तू सुवर्णाला काय सांगत होतास, तेही मला आता कळलं आहे. ते मी इथे लिहीत नाही.

त्यानंतरचं थोडक्यात. मी चौदा जणांना फोन केले. चौघांना सोबती मिळाले. एकाचा रुसलेला भाऊ तयार झाला, एकीच्या शेजारणीने विचारलं की एवढे दिवस मला का नाही सांगितलं. राहिले दहा. तुझ्या मेलबॉक्समध्ये दोन नवे पडून होते, त्यातल्या एका माणसाने तू गेल्यानंतर अकरा वेळा फॉर्म भरला होता आणि अकरा वेळा तुझा तो उर्मट संदेश वाचला होता. एकूण बारा. मी ऑफिसात सगळ्यांना बोलावलं आणि तू काय करत होतास ते सांगितलं. कोणी देवमाणूस म्हणायच्या आत म्हटलं, रडायचं नंतर, आधी कोण कोण येणार ते बोला. संदेशने पहिला हात वर केला. ऑफिसातले आम्ही नऊ, माझा नवरा, दत्ताकाका, आणि सुवर्णा. सुवर्णाला मी नको म्हणत होते. ती म्हणाली, “त्यांचा फोन आता मी चालू केलाय. वाजला की उचलायला कोणीतरी हवं ना.”

मग मी तुझ्या क्लासला हात लावला. परवानगी मागायला तू नव्हतास. नियम तोच ठेवला, फक्त पुढे वाढवला. ज्याला नातेवाईक नाही त्याच्यासाठी सोबत्यांचे नंबर दोन हवेत, आणि दोघांनीही स्वतःच्या फोनवरून ‘हो’ कळवल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. एक नंबर दोन रुग्णांच्या वर लागत नाही. तिसऱ्याला लावला की फॉर्म अडवतो. केंद्राच्या बाईंनी वाचून सही केली. चाचणीला मी तुझाच नंबर टाकला. पहिला रुग्ण गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला फॉर्मने तुला अडवलं. मला फार बरं वाटलं. मी परत टाकला, परत अडवला. असं पाच-सहा वेळा केलं असेल. संदेश पाण्याचा ग्लास ठेवून निघून गेला.

काल सोमवारी फिलोमिना आजींकडे गेले. खोटं निस्तरायचं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसल्या.

“गावशी कवा येल तो?”

“आजी, तो गावाला नाही गेलेला. तो वारला. मी तुम्हाला न्यायला आले ना, त्याच्या आधीच्या मंगळवारी. मी खोटं बोलले.”

मला वाटलं, आता रडतील. त्यांनी पलंगावरची उशी उचलली आणि भिंतीवर हाणली.

“दर सोमवारी फोन करायचा. पाय सुजला काय, पानी किती पिलीस, सगला विचारायचा. सोताचा एकदा पन नाय बोलला! मी काय त्याची कोन नाय?”

“तेच,” मी म्हटलं. “तेच म्हणतेय मी.”

मग आम्ही दोघी तुला बोललो, नरेश. मनसोक्त बोललो. त्यांच्याकडे जे शब्द आहेत ते माझ्याकडे नाहीत, पण मी मागे राहिले नाही. बोलता बोलता त्या रडायला लागल्या आणि मीही. तुझ्यासाठी मी पहिल्यांदा रडले ती त्या खोलीत, शिव्या देताना.

नंतर मी मोठ्या आकड्यांत लिहिलेला कागद काढला. वर माझा नंबर. “आता मला फोन करायचा. केंद्रातूनही मलाच येईल.”

त्यांनी डोळे पुसले, कागद लांब धरून नंबर एकेक आकडा वाचला. “आन तू मेलीस तं?”

कोणी हे इतकं सरळ विचारेल याची मला कल्पना नव्हती. “म्हणून खाली दुसरा नंबर आहे. आमच्या ऑफिसातला संदेश. आता दोन लागतातच.”

“कसा हाय तो? नरेशसारका?”

“नाही,” मी म्हटलं. “तो कुठेही जाताना सांगून जातो.”

आजींनी कागद माझ्या हातात परत दिला. “मंग त्याचा नंबर वर लिव.”